पडायला शिकवणारे पुस्तक

मी एक जुने पुस्तक आहे, आणि मला एका जागी स्वस्थ बसवत नाही. मित्रांनो, पुस्तकाने असे म्हणावे याचे तुम्हाला हसू येईल. खुशाल हसा. पण माझ्या पोटात एकशे बारा चित्रे आहेत आणि प्रत्येक चित्रातला माणूस काहीतरी करण्याच्या बेतात आहे. कोणी मूठ वळली आहे, कोणी गुडघा उचलला आहे. एका चित्रातून पुढच्या चित्रात कसे जायचे, ते वाचणाऱ्याने स्वतःच्या अंगाने करायचे असते. तो ते करीपर्यंत मी आपला तळमळत राहतो.

माझा जन्म निपाणीच्या एका छोट्या छापखान्यात झाला. गुंडो मास्तर नावाचे एक कवायतीचे शिक्षक होते, त्यांनी मला लिहिले. तेव्हा गावोगावच्या पोरांना हाणामारीचे भलतेच वेड लागले होते. जो तो हवेत लाथा झाडत होता आणि हातपाय मोडून घेत होता. मास्तरांनी ठरवले की निदान नीट शिकवणारे एक पुस्तक असावे. माझी चित्रे शाळेच्या चित्रकलेच्या सरांनी काढली. नमुना म्हणून शाळेचा शिपाई उभा राहिला. लाथेच्या चित्रासाठी तो बिचारा खिडकीचा गज धरून अर्धा तास एका पायावर उभा होता.

मास्तरांनी पहिला पाठ लिहिला तो पडण्याचा. मागे कसे पडावे, कुशीवर कसे पडावे, पडताना डोके कसे वाचवावे. सातव्या पानापासून सोळाव्या पानापर्यंत नुसते पडणेच. छापखान्याच्या मालकांनी कपाळावर हात मारला.

"मास्तर, लोक मारायला शिकायचं म्हणून पुस्तक घेणार. पडायला तर सगळ्यांनाच येतं. हे मागं टाका."

"मग छापू नका," मास्तर म्हणाले.

मालकांनी छापले. पहिल्या पाठाच्या शेवटी मास्तरांनी चौकटीत एक सूचना घालायला लावली : 'शंभर वेळा पडल्याशिवाय पान उलटू नये.'

खरे सांगू का? मालकांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. मला बेळगावच्या बसस्थानकावर कृष्णाजी नावाच्या तरुणाने विकत घेतले. ते बेंगळुरूचे. त्यांचे घराणे कित्येक पिढ्या तिथेच राहिलेले. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड. कृष्णाजींनी मला बसमध्येच उघडले, ते थेट एकसष्टाव्या पानावर, लाथांच्या पाठावर. बसवनगुडीतल्या घरी पोचल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी मच्छरदाणीची काठी मोडली. तीन आठवडे माझे फार कौतुक झाले. सकाळी मैदानावर मला वीट ठेवून उघडे धरायचे आणि मी सांगेन तसे कृष्णाजी हातपाय हलवायचे. मग त्यांचा गुडघा सुजला. माझी रवानगी माळ्यावर झाली.

त्या माळ्यावर मी चाळीस वर्षांहून जास्त काळ काढला. कागदाला अंधार सोसतो, पण रिकामपण सोसत नाही. खाली कृष्णाजींचे लग्न झाल्याचे मला सनईवरून कळले. त्यांचा मुलगा रघुनंदन मोठा झाल्याचे त्याच्या फुटलेल्या आवाजावरून कळले. कृष्णाजी गेल्याचे मात्र मला शांततेवरून कळले. ती शांतता मला अजून आवडत नाही.

आता घरात त्यांची पत्नी अनुसूयाबाई एकटीच उरली होती. वय सदुसष्ट, पण पाय थांबत नसत. सकाळी देऊळ, मग गांधी बाजारात भाजी, संध्याकाळी कोणा ना कोणाकडे. चौदा महिन्यांपूर्वी रस्त्याच्या कडेच्या दगडाची तिला ठेच लागली. पडताना तिने हात पुढे टेकला आणि मनगट मोडले. मित्रांनो, तिला घरी आणले तेव्हा मी तिच्या डोक्यावर चार हातांवर होतो. 'तळहात टेकू नये' हे माझ्या नवव्या पानावर ठळक छापले आहे. मला त्या वेळी तोंड असते तर मी घर डोक्यावर घेतले असते.

मनगट दीड महिन्यात जुळले. मन जुळले नाही. अनुसूयाबाई जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत यायची, खाली बघायची आणि परत फिरायची. दिवसभर खोल्यांमधून येरझाऱ्या घालायची. तिची पावले मी वरून मोजत असे. कोंडलेल्या माणसाची चाल वेगळी असते, ती मला चांगली ओळखता येते.

रघुनंदन शहराच्या दुसऱ्या टोकाला, के. आर. पुरमला बाराव्या मजल्यावर राहतो. तो वाईट मुलगा नाही, भित्रा आहे. तो दिवसातून चार वेळा फोन करायचा. शेवटी त्याने ठरवूनच टाकले. "अम्मा, कार्तिकात तिकडे चल. लिफ्ट आहे, सिक्युरिटी आहे, खाली उतरायचीच गरज नाही." खाली उतरायची गरज नाही हे त्याला सुख वाटत होते. अनुसूयाबाई हो म्हणाली, कारण नाही म्हणायला तिच्यापाशी काही नव्हते. घर भाड्याने द्यायचे ठरले. बसवनगुडीत कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी शेंगांची मोठी जत्रा भरते, तिला परिषे म्हणतात. परिषेच्या दुसऱ्या दिवशी सामानाची गाडी येणार होती.

आवराआवर सुरू झाली. खालच्या मजल्यावर भव्या नावाची कन्नड बाई शिवणकाम करते. ती शिडीवर चढून माळा रिकामा करू लागली. मी रद्दीच्या ढिगावर पडलो. अनुसूयाबाईने मला उचलले ते कृष्णाजींची सही दिसली म्हणून. तिने धूळ पुसली आणि पहिले पान उघडले.

पहिले! मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात असे कधी झाले नव्हते. पण तिला दुसरे काही ठाऊकच नव्हते. तिने आयुष्यभर पोथ्या वाचल्या होत्या, आणि पोथी कोणी मधूनच उघडत नाही. दुसऱ्या दिवशी ती अंघोळ करून पाटावर बसली आणि मला समोरच्या चौरंगावर ठेवून मोठ्याने वाचू लागली. सोळाव्या पानावर चौकट आली. शंभर वेळा पडल्याशिवाय पान उलटू नये. तिने चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. पारायणात सांगितलेला नेम सोडून पुढे जायचे नसते. मी श्वास रोखून बसलो. उठेल आणि मला परत ढिगावर टाकेल, असेच मला वाटले.

ती उठली आणि कापसाची गादी जमिनीवर ओढून आणली.

माझे पहिले चित्र आडव्या माणसाचे आहे. आधी पाठीवर निजायचे, हनुवटी छातीला लावायची आणि दोन्ही हात कडेला जमिनीवर आपटायचे, म्हणजे धक्का हातांवर जातो. अनुसूयाबाईने मनगटाला पट्टा बांधला आणि हात आपटले. फाट! परत फाट! तिसऱ्या वेळी दार धाडकन उघडले. भव्या गळ्यात टेप तशीच घेऊन धावत वर आली होती.

"अक्का! एनायितु? बिद्रा?" काय झालं, पडलात का, म्हणून ती ओरडत होती.

"पडले नाही ग. शिकते आहे," अनुसूयाबाई गादीवरूनच कन्नडमध्ये म्हणाली. "आलीच आहेस तर स्वल्प मान धर माझी."

मराठी येत नसतानाही भव्याने मला चाळले, चित्रे पाहिली आणि साडीचा पदर खोचला. हे बरे झाले. असले काही एकट्याने करू नये, तुम्हीसुद्धा करू नका. गादी हवी आणि शेजारी माणूस हवे, हे मी पाचव्या पानावरच बजावले आहे. निजून जमल्यावर बसून, बसून जमल्यावर उकिडवे बसून. रोज पाच वेळा. मग ती कुशीवर पडायला शिकली. हात टेकायची तिची खोड काही केल्या जाईना. प्रत्येक वेळी तिचा तळवा पुढे धावायचा आणि माझा जीव खालीवर व्हायचा. सोळाव्या दिवशी ती पडली आणि दोन्ही हात छातीशी राहिले. भव्याने टाळ्या वाजवल्या. मला नाचता आले असते तर मी नाचलो असतो.

विसाव्या दिवशी शंभर पुरे झाले. पण रोजच्या उघडझाकीने माझी सात ते सोळा पाने शिवणीतून सुटली होती. परिषेच्या सोमवारी सकाळी अनुसूयाबाईने मला पिशवीत घातले. "बाइंडरकडे जाऊन येते," ती भव्याला म्हणाली. सोबत येऊ का, असे भव्याने विचारले. ती नको म्हणाली. वरच्या पायरीवर ती किती तरी वेळ उभी राहिली. मग एक पाय खाली पडला, मग दुसरा. चौदा महिन्यांनी ती रस्त्यावर आली होती.

काय ती गर्दी! रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेंगांचे ढीग, पिपाण्या, मुलांची रडारड. पिशवीच्या तोंडातून मला सगळे दिसत आणि ऐकू येत होते. तेवढ्यात कोणाचे तरी पोते कलंडले आणि शेंगा रस्त्यावर पसरल्या. अनुसूयाबाईचा पाय त्यांवर पडला आणि सरकला. मी हवेत उडालो. एका क्षणात मी मातीत पडलो होतो आणि माझी सुटी पाने शेंगांवर विखुरली होती. मला अनुसूयाबाई दिसत नव्हती. मित्रांनो, त्या क्षणाइतका मी कधीच घाबरलो नव्हतो. माझ्यावर विश्वास ठेवून एक म्हातारी घराबाहेर पडली होती. मी छापील कागद. मी चुकलो असेन तर?

"अज्जी, पेट्टायता?" लागलं का, असे कोणीतरी विचारले.

"इल्ला," नाही, असे अनुसूयाबाई म्हणाली.

ती कुशीवर पडली होती. मनगट शाबूत होते, डोके शाबूत होते. कोपर तेवढे खरचटले होते. तिने आधी गुडघा टेकला, मग पाय रोवला आणि उभी राहिली. लोक मदतीला हात देत होते तर ती त्यांना माझी पाने गोळा करायला सांगत होती. मग ती परत फिरली नाही. तिने मला बाइंडरकडे पोचवले, शिवून होईपर्यंत बाकावर बसली आणि येताना शेर-दोन शेर शेंगा घेऊन आली.

संध्याकाळी रघुनंदन खोकी घेऊन आला. त्याने कोपर पाहिले.

"हे काय? अम्मा, तू पडलीस?"

"हो. पडले आणि उठले. दोन्ही सांगते आहे, नीट ऐक."

"म्हणूनच मी म्हणत होतो! बाहेर जायची काय गरज होती? काही झालं असतं म्हणजे?" त्याचा आवाज चढला. खोके त्याच्या हातातून सुटले.

अनुसूयाबाई वाद घालत बसली नाही. तिने गादी ओढली. "बूट काढ. इथं उकिडवा बस. आता तू पड."

"अम्मा, प्लीज."

"पड म्हणते ना."

तो पडला. चाळीस वर्षांचा धट्टाकट्टा माणूस, पण हनुवटी वर आणि हात मागे. "गेलं तुझं मनगट," ती म्हणाली. "परत." तो परत पडला, हात परत मागे. पाचव्यांदा तो उठलाच नाही, तसाच पडून राहिला. तिने त्याच्या मानेखाली हात घातला. त्याची मान लाकडासारखी ताठ होती.

"फोन वाजला की मला वाटतं, तुझंच काहीतरी," तो छताकडे बघत म्हणाला. "रोज वाटतं, अम्मा. मीटिंगमध्येसुद्धा."

"वाजू दे. पडले तर मीच उठून फोन करेन तुला. आणि एखाद्या दिवशी उठता नाही आलं, तर ते बाराव्या मजल्यावर पण होईलच की रे."

रघुनंदन रडला. तिने त्याला रडू दिले. मग त्याने पडल्या पडल्याच खिशातून फोन काढला आणि गाडीवाल्याला सांगितले, "नाळे बरबेडी." उद्या येऊ नका.

मित्रांनो, आता मी अनुसूयाबाईच्या चौरंगावर असतो. माझी नवी शिवण थोडी आवळते, पानांना तेलाचे आणि हळदीचे डाग पडले आहेत, सोळाव्या पानाचा कोपरा गेला आहे. तुमच्या घरीही माझ्यासारखे एखादे पुस्तक असेल, आणि अनुसूयाबाईसारखे एखादे माणूसही. खराब होऊ नये म्हणून तुम्ही पुस्तक उंच ठेवाल आणि लागू नये म्हणून त्या माणसाला घरात बसवाल. हे तुम्ही मायेनेच कराल, मला ठाऊक आहे. पण आम्हाला हाताशी ठेवा. आमची पाने सुटली तर शिवून द्या, आम्ही पडलो तर उठेपर्यंत शेजारी थांबा, आणि मग आम्हाला जिना उतरू द्या.