पायाळूची नजर

वैशाखात मुळशी धरणाचं पाणी खाली गेलं, की बुडालेलं जुनं देऊळ गाळातून वर येतं. आधी शिखराचा दगड, मग खांब, मग नंदी. आणि देऊळ वर आलं, की कोंडाजीची गाडी तुळजाबाईंच्या दारात येते. एरवी वर्षभर भावाला बहिणीची आठवण नसते. तो नांद्यात, ती चांद्यात. अंतर ते कितीसं? पण जमीन विकून इमारत उठवल्यापासून त्याला भाडेकरूंतून डोकं वर काढायला सवड नव्हती. भाऊबीजेची ओवाळणीसुद्धा तो सुनेच्या हाती धाडायचा.

तुळजाबाई पायाळू. जन्मताना आधी पाय बाहेर आले, आणि अशा माणसाला जमिनीतलं धन दिसतं, यावर कोंडाजीचा लहानपणापासून ठाम विश्वास. देवळात सोन्याचं गाडगं पुरलंय, असं वडील सांगायचे. सोन्यावाचून आता त्याचं काही अडत नव्हतं, पण वेड डोक्यातून जात नव्हतं. तुळजाबाईंना आजवर जमिनीखालचं गांडूळसुद्धा दिसलं नव्हतं. तरी त्या डोळ्यांत काजळ घालून दरसाल निघायच्या, बोट दाखवायच्या आणि भाऊ खणायचा. तो एक दिवस त्यांना वर्षभर पुरायचा.

यंदा पाणी निजल्यासारखं पडलं होतं. भेगाळलेल्या गाळावरून चालताना त्यांना वाटलं, आपण तळाशीच चाललोय, डोक्यावर अजून सगळं पाणी आहे आणि वरून कुणाची तरी होडी जातेय. कोंडाजीनं हात धरला होता. तो सुटू नये म्हणून त्या मुद्दाम हळू चालल्या.

"आक्का, नीट बघ. कुटं दिसतंय?"

"हितं," त्या म्हणाल्या. खांबाची सावली होती. भावाला ऊन लागू नये, एवढाच विचार.

कोंडाजी खणता खणता बोलू लागला. "कुणाच्या पाठीत उसण भरली, की आई तुलाच लाथ माराया बोलवायची, पायाळूची लाथ बसली की उसण जाती म्हनून. लई मान व्हता तुझा."

"आन् तू उसण नसतानाबी पाठ करायचास."

तो हसला. तेवढ्यात कुदळ खणकली आणि मातीत गाडग्याचा काठ दिसला. कोंडाजीनं घाईघाईनं तोंड फिरवलं. धन पायाळूनं आधी बघायचं; दुसऱ्याची नजर पडली तर सोन्याचे कोळसे होतात, असं सगळं गाव मानतं.

"काय हाय, आक्का?"

तुळजाबाईंनी झाकणाचा दगड सरकवला. आत सोन्याच्या पुतळ्या होत्या, जुनी नाणी, ओली, पिवळीधमक. जन्मात पहिल्यांदा त्यांना खरंच धन दिसत होतं. आणि लगोलग पुढचंही दिसलं. वेड फिटणार, गाडी माघारी जाणार. मग पुढल्या वैशाखात दारात कोण येणार?

समोर भावाची घामानं भिजलेली पाठ होती.

"कोळसं हायेत रं," त्या म्हणाल्या. दगड परत लावून त्यांनी दोन्ही हातांनी गाळ ओढला. खोटं त्या दरसाल बोलायच्या, पण एवढं मोठं कधी बोलल्या नव्हत्या.

कोंडाजीनं पाठमोऱ्यानंच कुदळ खांद्यावर घेतली. "मंग माझीच नजर पडली असंल," तो हळूच म्हणाला. "चुकलंच माझं. फुडल्या साली डोळं बांधूनच खणतो. येशील न्हवं?"

तुळजाबाईंना लाज वाटली, आणि लाजेहून कितीतरी जास्त आनंद झाला.

"यीन की," त्या म्हणाल्या आणि उठण्यासाठी त्याच्याकडे हात पुढे केला.