अस्तरात राहिलेले मत

मित्रांनो, मी एक जुनी चामड्याची पिशवी आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू बोलायला लागल्या की आपल्या सेवेचे पोवाडे गातात. मलाही गाता आले असते. पण माझ्या हातून, म्हणजे माझ्या पोटातून म्हणा, एक गोष्ट अशी घडली की पोवाडा घशातच अडकतो. तीच सांगते.

कूपा नदीकाठच्या आमच्या शहरात मी तयार झाले. जाड कातडे, दोन पितळी बकले, आत तपकिरी कापडाचे अस्तर. टपाल खात्याने मला व्येको नावाच्या तरुण पोस्टमनच्या खांद्यावर दिले आणि आम्ही दोघे एकतीस वर्षे टेकडीचा चढ चढलो. जर्मनीत कामाला गेलेल्या नवऱ्यांची पत्रे, लग्नाची आमंत्रणे, सैन्याची बोलावणी, सगळे मी वाहिले. युद्धाच्या वर्षी नदीपलीकडून तोफगोळे येत होते, तेव्हाही व्येको मला कोटाच्या आत धरून भिंतींच्या कडेने जायचा. या सगळ्या काळात माझ्यातून एकही पत्र हरवले नाही. व्येको निवृत्त झाला त्या दिवशी पोस्टमास्तर सर्वांसमोर म्हणाले, "व्येकोपेक्षा ही पिशवी भरवशाची. हिने एकदासुद्धा आजारपणाची रजा घेतली नाही!" सगळे हसले. मी मात्र ते शब्द खरे मानून बसले. त्या दिवसापासून मला गर्व झाला, हे आज कबूल करते.

निवृत्तीनंतर व्येको मला घरी घेऊन आला. मग माझ्यात कधी रानातली अळंबी, कधी द्राक्षाच्या वेली छाटायची कात्री. त्या कात्रीच्या टोकाने एकदा माझ्या आतल्या खिशाचे अस्तर फाटले. आधी बोटभर, मग वीतभर. व्येको दर आठवड्याला म्हणायचा, "उद्या मोच्याकडे नेतो हिला." ती उद्या काही आली नाही. मलाही त्याचे फार वाटले नाही. बाहेरून मी झकास दिसत होते ना!

अशात महापौरांची आणि नगरसेवकांची निवडणूक आली. निवडणूक आली की आमच्या शहराला अचानक सगळे आठवते. खड्डे बुजतात, बालवाडीला रंग लागतो, आणि उमेदवार बाजारात येऊन चीज विकणाऱ्या बायकांना तब्येत विचारतात. त्या वर्षी बेकरीची गाडी चालवणारा तिहोमिरही नगरसेवकपदासाठी उभा राहिला. कुठल्या पक्षाचा नाही, चार ड्रायव्हर आणि त्यांच्या बायका-मेहुणे जमवून त्याने स्वतंत्र यादी दिली होती. मागणी एकच, टेकडीवर बस यावी.

ही मागणी खरे तर बारित्सासाठी होती. तिहोमिरची आई कारखान्यात पाळीला जायची तेव्हा टेकडीवर शेजारीच राहणाऱ्या बारित्साने त्याला वाढवले होते. आता ती ब्याऐंशी वर्षांची होती, खुबा मोडल्यापासून दोन वर्षे घराबाहेर पडली नव्हती. तिहोमिर नदीपलीकडे राहायला गेला होता, त्याचे स्वतःचे मतही तिकडेच होते, पण रोज सकाळी तो गरम पाव घेऊन तिच्याकडे यायचा आणि पाच मिनिटे बसायचा. ती पाच मिनिटे हाच तिचा दिवस होता.

टेकडीवरच्या लोकांनी तिहोमिरच्या अर्जावर सह्या केल्या, त्याची प्लमची दारू प्यायली आणि "तुलाच रे, तुलाच" म्हणून पाठीवर थापाही मारल्या. पण तिथल्या प्रत्येक घरातले कुणी ना कुणी महापालिकेत नोकरीला, म्हणजे मत जुन्या महापौरांनाच. तो व्येकोला म्हणाला, "काका, मी काही दूधखुळा नाही. टेकडीवरून मला एकच मत पडणार, बारित्साकाकूचं. पण ते पक्कं."

मतदान मे महिन्यातल्या रविवारी होते. शाळेतल्या मतदान केंद्राचा प्रमुख म्हणून व्येकोला नेमले होते. जे आजारी माणूस केंद्रावर येऊ शकत नाही त्याच्या घरी दोघांनी मतपत्रिका घेऊन जायचे, आणि त्याने मत देऊन पाकीट बंद केले की ते केंद्रावर आणून फोडायचे आणि मतपत्रिका पेटीत टाकायची, अशी आमच्याकडे रीत आहे. व्येकोने त्या कामासाठी मला खांद्याला लावले. सोबत होती नेवेन्का, केस कापण्याचे दुकान चालवणारी आणि लक्ष ठेवायला विरोधी पक्षाने पाठवलेली.

"ही पिशवी कुठल्या पक्षाची?" तिने विचारले.

"टपालाची," व्येको छाती काढून म्हणाला. "एकतीस वर्षांत एक पत्र हरवलं नाही हिच्यातून."

मीही छाती काढलीच.

चार घरे होती. चौथे बारित्साचे.

"या, या. दोघं आलात? एकट्यावर सरकारचा विश्वास नाही वाटतं?" तिने खाटेवरूनच आवाज दिला.

"नियम आहे, काकू," नेवेन्का म्हणाली. "मी यांच्यावर लक्ष ठेवते, हे माझ्यावर."

"आणि माझ्या त्या दिवट्याला कसला नियम लावलाय? काल नाही आला, आज नाही आला. पाव दाराच्या मुठीला अडकवून पळून गेला. म्हणे प्रचारबंदी आहे. अरे, पाव काय भाषण करतो का?"

व्येको हसला. "लोक बोलतील म्हणून घाबरला असेल, ताई."

"लोकांना दुसरं काम काय? बरं, तोंडं फिरवा तिकडे, खिडकीकडे. मला नावाभोवती गोल काढू देत."

तिला बराच वेळ लागला. मग तिने पाकीट जिभेने ओले करून चिकटवले, वरून तळहाताने दाबले आणि व्येकोकडे दिले. "नीट ने हं. दोन वर्षांत या घरातून बाहेर जाणारं माझं एवढंच."

व्येकोला गलबलून आले असावे. बाकीची तीन पाकिटे त्याने माझ्या मोठ्या कप्प्यात टाकली होती. हे मात्र चुरगळू नये म्हणून त्याने जपून आतल्या खिशात ठेवले. तोच तो फाटका खिसा. चढ उतरताना पाकीट हळूहळू अस्तराच्या आत सरकले. मला कळत होते, मित्रांनो. पण मला वाटले, पडेल बाहेर. मी कधी कुणाचे काही ठेवून घेतले आहे का?

शाळेत पोहोचलो तर तिथे गोंधळ. एक गृहस्थ एका उमेदवाराच्या नावाची टोपी घालून मत द्यायला आले होते आणि काढायला तयार नव्हते. नेवेन्का धावली. व्येकोने घाईघाईत मला उलटे करून टेबलावर झटकले. तीन पाकिटे पडली. ती फोडून मतपत्रिका पेटीत गेल्या. चौथे कुणी मोजलेच नाही.

संध्याकाळी सात वाजता मतदान संपले आणि मोजणी झाली. मतदार यादीतल्या सह्यांपेक्षा मतपत्रिका एकाने कमी भरल्या. पुन्हा मोजल्या, पुन्हा तेच.

"कुणीतरी आठवण म्हणून घरी नेली असेल," नेवेन्का डोळे चोळत म्हणाली. "जास्त निघाल्या असत्या तर सगळं मतदान परत घ्यावं लागलं असतं. कमी असली तर चालते. लिहून टाका, व्येको, सकाळी सहापासून पाय सुजलेत."

व्येकोने लिहून टाकले. मी त्याच्याच खुर्चीला लटकत होते.

आमच्याकडे निकाल केंद्रानुसार जाहीर होतो. कुठल्या शाळेत कुणाला किती मते पडली, हे घरबसल्या कुणालाही पाहता येते. महापौर जुनेच आले. तिहोमिरच्या यादीतले कुणी आले नाही, आणि टेकडीवरच्या केंद्रावर त्याच्या नावापुढे शून्य होते.

दुसऱ्या दिवशी तो कॉफीच्या दुकानात व्येकोसमोर येऊन बसला. मी टेबलाखाली होते.

"शून्य, काका. हरलो त्याचं काही नाही. पण शून्य?"

"अरे, मत गुप्त असतं. कुणी कुणाला दिलं हे कसं..."

"शून्यात काय गुप्त असतं? तिनं दिलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. मी आपला रोज पाव नेतोय, आणि तिनंही जुन्यांनाच गोल काढला. तुम्ही गेला होतात ना तिच्याकडे? तिनं मत दिलं ना?"

"दिलं," व्येको म्हणाला. एक मतपत्रिका कमी होती हे त्याला तेव्हा आठवले, हे मला त्याच्या पायांच्या हालचालीवरून कळले. पण तो बोलला नाही. आणि मी, पाकीट पोटात घेऊन, त्याच्या बुटांना टेकून बसले होते. माझ्या आयुष्यात तेवढी लाजिरवाणी सकाळ दुसरी नाही.

त्या दिवसापासून तिहोमिरचा पाव बंद झाला. शेजारीण बारित्साला आठवड्याचा पाव एकदम आणून द्यायची. व्येको मला घेऊन अधूनमधून तिच्याकडे जायचा. ती दर वेळी विचारायची, "माझा दिवटा दिसला का? हरला म्हणून तोंड दाखवत नाही बिचारा. सांग त्याला, हरणारे काय मरतात का?" व्येको मान डोलवायचा. निरोप काही पोहोचवायचा नाही. एकतीस वर्षे निरोप पोहोचवणारे आम्ही दोघे!

अशी चार वर्षे गेली. पुन्हा मे महिना, पुन्हा निवडणूक, आणि व्येकोला पुन्हा केंद्रप्रमुख व्हायचे पत्र आले. तेव्हा कुठे त्याने मला मोच्याकडे नेले. मोच्याने अस्तर उसवले, हात घातला आणि विचारले, "हे पण शिवून टाकू का आत?"

व्येकोने पाकिटावरचा केंद्राचा शिक्का पाहिला. मग तो तिथल्याच स्टुलावर बसला.

तिहोमिर पावाची गाडी रिकामी करत होता, तिथे तो गेला. पाकीट कुणाचे ते ऐकून तिहोमिर आधी पांढरा पडला, मग लाल. "उघडा."

"नाही उघडता येत रे. ते तिचं आहे."

म्हणून आम्ही टेकडीवर गेलो. बारित्साची दृष्टी मंदावली होती, पण पाऊल ओळखले तिने. "आलास होय!" एवढेच म्हणाली. तिहोमिर दारातच उभा राहिला. व्येकोने पाकीट तिच्या मांडीवर ठेवले आणि सगळे सांगितले. मोच्याचे, कमी भरलेल्या मतपत्रिकेचे, कॉफीच्या दुकानातल्या शून्याचे. काहीही लपवले नाही. त्याचा आवाज मी एवढा बारीक कधी ऐकला नव्हता.

ती ऐकत राहिली. मग दाराकडे वळून म्हणाली, "म्हणजे तू हरलास म्हणून येत नव्हतास असं नाही. मी तुला मत दिलं नाही म्हणून येत नव्हतास."

तिहोमिर उंबरा ओलांडून आत आला.

"चार वर्षं मी तुझी बाजू घेत होते इथं भिंतींपाशी. आणि तुला एकदा वर येऊन विचारता आलं नाही?"

"चुकलो, काकू. पण आता तरी सांग. फक्त हो म्हण. नाहीतर मी उघडून बघतो."

बारित्सा भिंतीला धरून उठली. चुलीपर्यंतची चार पावले तिने कुणाचा हात न घेता टाकली. आकड्याने चुलीवरचे झाकण बाजूला सारले आणि पाकीट आत टाकले.

"आता तुला कधीच कळणार नाही," ती म्हणाली. "यायचं असेल तर हे न कळता ये."

तो आला. दुसऱ्या दिवशी आला आणि रोज येत राहिला. पण बारित्सा त्यानंतर एकच उन्हाळा होती.

व्येकोने निवडणूक कचेरीत जाऊन आपली चूक लिहून दिली आणि केंद्रप्रमुखपद नाकारले. मी आता त्याच्या दारामागे खिळ्याला आहे. अस्तर नवे आहे, टाके घट्ट आहेत. येणारेजाणारे म्हणतात, "काय टिकलीय हो पिशवी, जपून ठेवा!" ऐकून मला तोंड लपवावेसे वाटते.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. तो हक्क मी गमावला आहे. तुमच्या घरात काही फाटले असेल तर ते आजच शिवा. आणि कुणाकडून शून्य आले असे वाटले, तर जाऊन विचारा, त्याच दिवशी विचारा. माझे फाटलेले मोच्याने एका दुपारी शिवले. त्या दोघांच्या चार वर्षांचे मी काय करू, ते मात्र मला अजून कुणी सांगितलेले नाही.