आखाजीची कॅसेट आणि माझा सैल पट्टा

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे आणि आता फार थकलो आहे. बटण दाबलं की आधी नुसता कण्हतो, मग कुठे फिरायला लागतो. आज बोलतोय तेही एका विनंतीसाठी.

चौऱ्याऐंशी साली जीवरामभाऊंनी मला भुसावळहून चाळीसगावला आणलं. भाऊ रेल्वेत फिटर. ड्यूटी संपली की त्यांना एकच नाद, आवाज भरायचा. शेजारणींची लग्नातली गाणी, भजनं, पिठाची गिरणी, काहीच सुटायचं नाही. घरात रेकॉर्डिंग म्हणजे पंखा बंद, दाराला गोधडी आणि कोंबड्या अंगणाबाहेर. गल्लीत माझं फार कौतुक व्हायचं. मीही तेव्हा जरा फुशारलोच होतो.

भाऊंची थोरली बहीण ताईबाई, घरात सगळ्यांची अक्का, धुळ्याकडे दिलेली. वर्षभर ती गात नसे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली आणि निंबाचा झोका दिसला की मात्र तिचा गळा मोकळा व्हायचा. आवाज जाड, भरदार. पंच्याऐंशीच्या आखाजीला भाऊंनी तो भरायचं ठरवलं. पण नेमके दिवे गेलेले आणि माझ्यातले सेल सकाळपासून गिरणी भरण्यात संपत आलेले. सणाला दुकानं बंद. मग भाऊंनी आपल्याकडे सगळे करतात तेच केलं. सेल पत्र्यावर उन्हात तापवले आणि पुन्हा माझ्यात घातले.

सेल तापले, पण जोर काही आला नाही. मी रडतखडत फिरत होतो आणि अक्का झोक्यावर मनसोक्त गात होती.

दुसऱ्या दिवशी नव्या सेलवर कॅसेट लावली आणि घात झाला. हळू भरलेलं गाणं आता पूर्ण वेगानं पळायला लागलं. आवाज चिरका, बारीक. पोरं लोळून हसली. अक्काही हसली, पण जरा हिरमुसून.

"हाऊ आवाज मना शे का उंदरीना शे रे, जीवराम?"

"अक्का, पुढली आखाजीले नवा सेल टाकीसन भरसूत," भाऊ म्हणाले.

पुढली आखाजी अक्काला दिसलीच नाही. माघात तापानं ती गेली. भाऊंनी ती कॅसेट एकदा लावली, अर्ध्यात थांबवली आणि पेटीत ठेवून दिली. चूक सेलची होती, भाऊंची होती, पण आवाज माझ्या पोटात बिघडला होता. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

पुढे घरात नवा, दोन कॅसेटांचा टेप आला. मी माळ्यावर गेलो. धूळ, कोळिष्टकं, उन्हाळ्यात तापणारा पत्रा. मोटरीवरचा रबरी पट्टा सैल पडत गेला. मला कुणी विचारत नव्हतं आणि मलाही कुणाची वाट पाहायचा कंटाळा आला होता.

सत्त्याण्णवच्या आखाजीला अक्काची मुलगी पुष्पा आली. लग्नानंतरची तिची पहिली आखाजी, आणि माहेर म्हणजे आता मामाचंच घर. तिनं आईचा आवाज मागितला. भाऊंनी भीत भीतच कॅसेट नव्या टेपमध्ये लावली. तोच चिरका आवाज.

"मामा, हाई मनी माय नही शे," पुष्पा म्हणाली आणि तोंड फिरवून बसली.

भाऊंना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी मला माळ्यावरून काढलं. फडक्यानं पुसलं, सेल घातले, कॅसेट लावली. माझ्यात त्राण नव्हतं. सैल पट्ट्यावर मी कसाबसा, त्या आखाजीसारखाच हळूहळू फिरू लागलो.

आणि अक्का गायली. जाड, भरदार आवाजात, झोक्याच्या दोराच्या कुरकुरीसकट.

पुष्पानं तोंडाला पदर लावला. भाऊ एवढंच म्हणाले, "उनी माय, अक्का उनी." खरंच, अक्का आली होती.

परवा दुरुस्तीवाला वना आला होता. म्हणाला, "भाऊ, पट्टा बदली टाकू? नवाना मायक चाली." मी नव्यासारखा चालावा, एवढीच त्याची इच्छा.

"हात लावू नको," भाऊ एकदम ओरडले.

मित्रांनो, जुन्या यंत्रांना जपा, तेल द्या, दुरुस्त करा. बाकीची गाणी माझ्यात आता रडकी वाजतात, हेही मला ठाऊक आहे. माझ्यावरची धूळ पुसा, कॅसेट वाचणारं डोकं, म्हणजे हेड, साफ करा, पण पट्टा तेवढा बदलू नका. मी धडधाकट झालो, तर अक्का पुन्हा जाईल.