छापा आणि पुसा

वीबके हार्म्स नियमाला पक्की बाई. पोलाद तपासणाऱ्या संस्थेच्या छोट्या ग्रंथालयात ती एकवीस वर्षं एकटी होती. दुसऱ्या तांत्रिक ग्रंथालयाकडून लेखाची फाइल आली की ती कागदावर छापायची आणि लगेच पुसून टाकायची. वाचकाला फक्त कागद. ग्रंथालयांनी एकमेकांना मदत करावी, पण प्रकाशकाच्या पोटावर पाय येऊ नये, म्हणून कायद्याने घालून दिलेलं हे सोवळं.

गुरुवारी सकाळी अभियंता ओटमार आर्प धापा टाकत आला. नदीवरच्या जुन्या पुलाचं पोलाद कडाक्याच्या थंडीत ठिसूळ होतं, तो बंद करा, म्हणून तो वर्षभर कंठशोष करत होता. दुपारी जिल्हा समितीपुढे शेवटची सुनावणी होती, आणि पुरावा त्याने मागवलेल्या, त्याच सकाळी आलेल्या एकाच लेखात होता.

तिने छापून ठेवलेल्या कागदांतून त्याने आलेखाचं पान काढलं. तीन रेघा, तिन्ही करड्या.

"अहो हार्म्सबाई, यातली लाल कुठली? लाल म्हणजे आपल्या पुलाचं पोलाद, आणि रेघ जितकी खाली तितकं ठिसूळ, असं खाली लिहिलंय!"

"आमचं मशीन काळंच छापतं, आर्पसाहेब."

"मग फाइल दाखवा."

"पुसली."

"मी जिना चढेपर्यंत तरी दम धरायचात!"

तिने लेख पाठवणाऱ्या ग्रंथालयाला फोन लावला. "नवी मागणी भरा, सोमवारी पाठवते," तिथल्या बाई म्हणाल्या. वीबकेला संताप आला, पण कुठल्या तोंडाने बोलणार? तिनेही हेच सांगितलं असतं.

"पडद्यावर पाहिली असेल ना तुम्ही?" आर्पने विचारलं.

पाहिली होती. लाल रेघ सगळ्यांत खाली होती. तिने बोट ठेवलं, त्याने लाल पेनाने ती गिरवली.

संध्याकाळी तो परत आला.

"अध्यक्षांनी विचारलं, रंग कोणी भरला? म्हटलं, ग्रंथपालबाईंच्या आठवणीवरून. सगळे खो खो हसले. पूल चालूच राहणार."

"माझंच चुकलं."

"छे हो! तुमचं सगळं कायद्यात बसतं."

त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

सोमवारी फाइल आली. लाल रेघ सगळ्यांत खालीच होती. निकाल लागून गेला होता, आता ती कोणाला दाखवणार? तिने पान छापलं, फाइल पुसली. घरी जाताना मात्र पुलावरची बस तिने सोडून दिली आणि तासभर लांबचा वळसा घेणारी पकडली.