तेहरानची काच, रहाटणीचा आरसा

मित्रांनो, मी सिनेमाचा जुना पडदा आहे, पण एकही सिनेमा मी पाहिलेला नाही. तो माझ्या अंगावर चालतो. मला दिसतात ते समोर बसलेल्यांचे चेहरे, आणि याचा मला अभिमान आहे.

थेरगावच्या एका शिंप्याने जाड पांढऱ्या कापडाचे दोन पन्हे जोडून मला शिवले. श्यामरावांनी मला रहाटणीला आणले. चाकणच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर ते सोसायटीच्या हॉलमध्ये इराणी चित्रपट दाखवू लागले. त्या चित्रपटांत शेवटी नक्की काय झाले ते कळत नसे. कोणी विचारले, की श्यामराव म्हणत, "तुम्हाला काय वाटतं?" त्यांची लेक अनुया चिडायची. "बाबा, एकदा तरी सांगा ना!" ते हसून चहा ओतायचे. जिना झाडणाऱ्या कौशल्याबाई दाराशी उभ्या राहून हे सगळे पाहत.

एका रविवारी तेहरानच्या श्रीमंत घराची गोष्ट होती. घरातली मोठी काच फुटते. मालकाच्या मुलाने फोडली की काच पुसणाऱ्या गड्याने, हे दिसत नाही. काम मात्र गड्याचे जाते.

"पोरानेच फोडली," सोसायटीतला तरुण सलिल म्हणाला. "गरिबावर ढकलणं सोपं असतं राव!" सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्यासमोरचे चेहरे तेव्हा फार चांगले दिसत होते.

चहा झाला आणि त्याच खुर्च्यांवर सोसायटीची बैठक सुरू झाली. लिफ्टमधला आरसा फुटला होता. कोणी फोडला, ते कोणीच पाहिले नव्हते.

"कौशल्याबाईच असणार," सलिल म्हणाला. "झाडूचा दांडा लागला असेल. उद्यापासून दुसरी बाई बघू."

कौशल्याबाई दारातच होत्या. श्यामराव उठले.

"सलिल, तेहरानमध्ये कोणी फोडलं ते तुला न बघता कळलं. इथंही न बघताच कळलं. फक्त तिथं तू गड्याच्या बाजूने होतास."

"काका, तो सिनेमा होता!"

"हो ना. त्यात तुझं काही जाणार नव्हतं."

सलिलने दारातल्या कौशल्याबाईंकडे पाहिले. मग तोच हळू म्हणाला, "राहू द्या त्यांना."

लोक गेल्यावर अनुयाने विचारले, "मावशी, खरं सांगा, कोणी फोडला हो?"

"तुला काय वाटतंय?" कौशल्याबाई म्हणाल्या.

मला गुंडाळत असलेले श्यामराव इतके हसले, की माझा कोपरा त्यांच्या हातातून सुटला.

आता श्यामराव नाहीत. ते गेल्यावर मी बरेच महिने माळ्यावर धूळ खात पडलो. अनुयाला माझी दोरी सोडवत नव्हती. शेवटी कौशल्याबाईच आल्या. "चल, खाली काढ त्याला. हॉल झाडून ठेवलाय म्या." त्या दिवशी त्या दाराशी थांबल्या नाहीत. पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर बसल्या. शेजारी सलिल होता.

मित्रांनो, पडद्याला घडी घालू नका, गुंडाळून ठेवा. घडीची रेघ नेमकी कोणाच्या तरी चेहऱ्यावर येते, आणि अर्ध्या दिसलेल्या माणसाबद्दल लोक पूर्ण निकाल देऊन मोकळे होतात.