मिस्त्रीकाकांना कुणी विचारलंच नाही

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. वय विचारू नका. माझ्याबरोबर कारखान्यातून बाहेर पडलेल्या बहुतेक गाड्या केव्हाच भंगारात गेल्या, त्यावरून काय ते ओळखा. मी मात्र अजून रस्त्यावर आहे. रस्ता कसला, दगडधोंडेच ते! पण दगडधोंड्यांसाठीच माझा जन्म. चारही चाकांना जोर, पोट जमिनीपासून चांगलं उंच आणि डिझेलचं असं इंजिन, की ते सुरू झालं की आतल्या माणसांना ओरडूनच बोलावं लागतं.

कारखान्यातली ठोकाठोक आणि ओल्या रंगाचा वास, एवढंच मला आठवतं. तिथून मी थेट मालकांच्या दारात आले. घाटाच्या पायथ्याशी मालकांचं घर, आणि घाट चढून गेलं की वरची वस्ती. तीस वर्षं आम्ही दोघं ती चढण चढलो. पिठाची पोती, शाळेची बाकं, गॅसच्या टाक्या, नव्या नवऱ्या, अडलेल्या बायका, सगळं मी वाहिलं. एकदा दरड कोसळली तेव्हा मोठमोठ्या गाड्या खालीच अडकल्या आणि मी कडेकडेनं वर पोहोचले. त्या दिवशी माणसांनी माझ्या बॉनेटवर थाप मारून शाबासकी दिली. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

माझी खरी नाडी ज्यांच्या हातात, ते मिस्त्रीकाका वरच्या वस्तीतच राहायचे. कुठलाही नट खोलण्याआधी ते बॉनेटवर हात ठेवून नुसतं ऐकत उभे राहायचे. मग म्हणायचे, "बाईसाहेबांचा पट्टा सैल झालाय." आणि तसंच निघायचं. पण वेल्डिंगच्या धुरात आयुष्य गेलं, त्यांची छाती पार निकामी झाली. चार पावलं चालले की धाप लागायची. डॉक्टरांनी सांगितलं, दर आठवड्याला खाली दवाखान्यात आणा आणि वाटेत ऑक्सिजनचं मशीन सुरू ठेवा. ते मशीन माझ्या बॅटरीवर चालायचं. बॅटरी कोण भरणार? माझा अल्टरनेटर. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करतो तो.

मिस्त्रीकाकांनी अंथरूण धरलं आणि माझ्याकडे बघणारं कुणी उरलं नाही. वंगण वेळेवर नाही, पट्ट्याला चिरा, अल्टरनेटर कण्हतोय. मी कुरकुर करत होते, पण माझी कुरकुर ज्यांना कळायची तेच मागच्या बाकावर मास्क लावून पडलेले. अखेर एका धुकट सकाळी घाटाच्या मध्यावर मशीननं शिट्टी मारायला सुरुवात केली. वीज पुरेना. गाडी मालकांची लेक चालवत होती. तिनं दिवे बंद केले, वायपर बंद केला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी हाकली. मिस्त्रीकाकांचे ओठ काळेनिळे पडले होते. आम्ही कसेबसे पोहोचलो. थोडक्यात निभावलं, एवढंच.

त्याच संध्याकाळी लेकीनं कागद घेतला. "बाबा, आता नवा अल्टरनेटर. दणदणीत." तिनं एकेक ओळ लिहिली. ऑक्सिजनचं मशीन, पुढचे दिवे, वायपर, हॉर्न, आतला पंखा. प्रत्येकाला किती वीज लागते ते मांडलं. हुशार आहे पोरगी, हिशेब अगदी चोख होता. त्यात ब्रेक नव्हता. ब्रेक कुठं विजेवर चालतो!

"मिस्त्रीला एकदा विचारूया का?" मालक म्हणाले.

"बाबा, दोन वाक्यं बोलले की त्यांना खोकल्याची उबळ येते. डॉक्टर काय म्हणाले, विसरलात? त्यांना अजिबात बोलायला लावायचं नाही."

मालकांनी कागदाची घडी करून खिशात टाकली. मी सांगितलं असतं, पण मला कुठं तोंड आहे?

दुसऱ्या दिवशी दुकानदारानं काउंटरवर दोन अल्टरनेटर मांडले. एक माझ्या जुन्यासारखाच, दुरुस्त केलेला, पस्तीस अँपिअरचा. दुसरा छोट्या मोटारीचा, नवाकोरा, चकचकीत, नव्वद अँपिअरचा.

"तिसरा पण आहे," तो म्हणाला. "तुमच्याच मॉडेलचा, साठ अँपिअरचा. पण मागवावा लागेल. आठ दिवस धरा."

"कालचा प्रकार ऐकून डॉक्टरांनी परवाच पुन्हा बोलावलंय," लेक म्हणाली. "आणि साठ कशाला, नव्वद मिळतोय की."

"जुन्यासारखाच घेऊ गं," मालक पुटपुटले. "सवयीचा आहे."

"सवयीच्यानंच काल काकांचा जीव घेतला असता!"

चकचकीत अल्टरनेटर ठरला.

मित्रांनो, आता नीट ऐका. माझ्या जुन्या अल्टरनेटरच्या पाठीला एक छोटा पंप होता. एका रबरी नळीतून तो हवा ओढायचा, आणि त्या ओढीच्या जोरावर ब्रेक हलका व्हायचा. पायानं नुसतं सांगायचं, मी थांबायचे. नव्याच्या पाठीला पंप नव्हता. तो बसवणारा फिटर लहान गाड्यांचा माणूस. नळी हातात धरून तो म्हणाला, "ही जुन्यालाच लागत असणार. याला मागं तोंडच नाही." त्यानं नळीच्या तोंडात बोल्ट खुपसला, वर क्लिप आवळली. पंपाला तेल देणारी बारीक नळीही तशीच बंद केली. काम अगदी स्वच्छ केलं बिचाऱ्यानं. मी आतून ओरडत होते, अरे, तो माझा ब्रेक आहे!

घरी जाताना मालकांनी गाडी चालवली. चौकात ब्रेक दाबला तर पेडल दगडासारखं. त्यांनी दात आवळून दाबलं, मी थांबले. त्यांच्या कपाळावर घाम आला. मला वाटलं, आता बोलतील. पण नाही बोलले! त्यांना वाटलं, आपलेच गुडघे गेले. लेक आधीच किल्ली मागत होती, बोललो तर ही आपलं चालवणं बंदच करेल. म्हणून तो शहाणा माणूस मिठाची गुळणी धरून बसला. असा राग आला मला त्यांचा!

तारखेच्या दिवशी लेक स्टिअरिंगवर बसली. सपाटीवर तिलाही पेडल कडक लागलं. "नवीन काम झालंय, बसेल हळूहळू," ती स्वतःशीच म्हणाली. चढणीला ब्रेक कशाला लागतो? आम्ही झोकात वर गेलो. मिस्त्रीकाकांना मागच्या बाकावर निजवलं, मास्क लावला. मशीन एका सुरात घुमत होतं. दिवे लख्ख. लेकीचा चेहरा फुलला होता. मला मात्र पुढचा उतार दिसत होता.

पहिलं वळण दुसऱ्या गिअरमध्ये निघालं. मग थोडी सपाटी आली आणि तिनं तिसरा टाकला. सपाटी संपली. उतार लागला. तिनं ब्रेकवर पाय ठेवला.

"बाबा, पेडल जात नाहीये खाली!"

"दाब! जोरात दाब!"

"दाबतेय हो!" ती सीटवरून उठून पेडलवर जवळजवळ उभी राहिली. माझी चाकं थोडी चावली, पण पोट भरून नाही. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला काही नाही. मालकांचा चेहरा पांढराफटक पडला. "परवा मलाही कडक लागला होता गं," ते म्हणाले. "मला वाटलं, माझाच पाय..."

तेवढ्यात मागून मास्क ओढल्याचा आवाज आला.

"पंप... काढलात?"

"कसला पंप, काका?"

काकांना एकेक श्वास जपून वापरायचा होता. त्यांनी हात लांब करून माझ्या पत्र्यावर ठेवला आणि ऐकलं. "पाय... उचलू नको." खोकला. "मालक... हँडब्रेक. हळू. ओढून... धरा." मालकांनी दोन्ही हातांनी हँडब्रेक धरला. पुढचं वळण समोर दिसायला लागलं होतं. लेकीनं गिअरवर हात ठेवला.

"थांब. आत्ता नको." माझं इंजिन किंचित दबल्याचं त्यांना ऐकू आलं, मला माहीत आहे. "आता! दुसरा!"

तिनं गिअर पाडला. माझी हाडं खिळखिळी झाली, पण वेग तुटला. "डोंगराला... घास."

मी स्वतःला डाव्या कड्यावर घासलं. दरवाजा चेपला, आरसा गेला, ठिणग्या उडाल्या. "पहिला!" आणि वळणाच्या अलीकडे, दोन हातांवर, मी थांबले. एवढी वर्षं झाली, पण थांबण्यात इतकं सुख असतं हे मला त्या दिवशी कळलं.

लेकीनं मागं धाव घेऊन काकांच्या तोंडावर मास्क दाबला. त्यांची छाती भात्यासारखी हलत होती. कितीतरी वेळ ते डोळेच उघडेनात. लेक रडत होती, मालक त्यांचे तळवे चोळत होते. मशीन मात्र चालू होतं. नव्या अल्टरनेटरनं आपलं काम चोख केलं, त्याला नावं ठेवणार नाही मी. हळूहळू ओठांवर रंग आला. काकांनी दोन बोटं खाली करून खूण केली. मालकांना ती कळली. चारही चाकांचा जोर, सगळ्यात हळू गिअर. त्या गिअरमध्ये मी उतरले, मुंगीच्या पावलानं, ब्रेकला हातही न लावता. दवाखान्याच्या दारात मला उभं केलं तेव्हा लेकीनं आधी माझ्या चाकाला दगड लावला.

तिसरा अल्टरनेटर मागवला, पाठीवरच्या पंपासकट. आठ दिवस लागले. तेवढे दिवस काका दवाखान्यातच होते, आणि लेक उशाशी. दाराबाहेर झाडाखाली मी उभी होते, खिडकी उघडी होती, म्हणून मला ऐकू आलं.

"काका, तुम्हाला त्रास नको म्हणून विचारलं नाही हो," ती म्हणाली.

काकांनी श्वास गोळा केला. "'पंपासकट घे'," ते म्हणाले. "एवढं बोलण्यापुरता दम होता पोरी माझ्यात."

मित्रांनो, गाडीचं तेल-पाणी वेळेवर करा, पट्टे बघा, हे मी सांगणारच. जुन्या गाडीनं दुसरं काय सांगायचं? पण तुमच्या घरात कुणी अंथरुणाला खिळलं असेल, तर नुसती उशी नीट करून आणि औषध देऊन दार लोटून घेऊ नका. त्यांना येतं ते कुठं गेलेलं नसतं. जवळ बसा, विचारा. दमले तर ते थांबतील की. पण विचारा.