हुशार घराचं कपाट

मीटरच्या कपाटात बसायला स्टूल भाऊजींनी स्वतः आणून ठेवलं होतं. वर एक उशीही होती. धाकटीला त्या उशीचाच जास्त राग आला. माणसाला लबाडीच्या कामाला जुंपायचं आणि वर त्याच्या बैठकीची काळजी घ्यायची, हे भाऊजींनाच सुचावं.

भाऊजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचं अलार्मचं दुकान होतं. पाटीवर पूर्वी नुसतं ‘अलार्म’ होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी त्याच्या आधी ‘स्मार्ट’ लिहून घेतलं, आणि तेव्हापासून ते विशेषण आपल्यालाही लागू झालं असं ते धरून चालले. दुकानातली माणसं त्यांच्यामागे त्यांना स्मार्टराव म्हणत. भिंतीवर पॅनल बसवणं, दारं-खिडक्यांना सेन्सर लावणं, तारा ओढणं, बिघाड हुडकून काढणं, हे सगळं धाकटी करायची. भाऊजी बोलायचे. बोलण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की घट्ट होतो, हे मात्र त्यांना दर वेळी आठवावं लागायचं.

या खेपेला त्यांनी एका बिल्डरला शब्द देऊन ठेवला होता. नव्या इमारतीत चाळीस फ्लॅट. प्रत्येकात चोरीच्या अलार्मचं पॅनल, आणि ते घराच्या ऑटोमेशनला जोडलेलं. म्हणजे दारातल्या कीपॅडवर कोड दाबून अलार्म बंद केला, की घराला कळणार, मालक आले. दिवे लागणार, पडदे सरकणार, एसी चालू होणार. जाताना अलार्म लावला की सगळं आपोआप बंद. तिसऱ्या मजल्यावर नमुन्याचा फ्लॅट सजवून तयार होता. दिवे आणि पडदे ऑटोमेशनच्या डब्याचं ऐकत होते. पण डबा आणि पॅनल यांचं आपसात अक्षरही बोलणं होत नव्हतं.

“दोन दिवस द्या,” धाकटी म्हणाली होती. “पॅनल नेटवर्कवर आणायचं कार्ड नवीन आहे. पुस्तक वाचून, एकेक गोष्ट तपासून जोडावं लागेल.”

“दोन दिवस कशाला? दोन तर तारा आहेत,” भाऊजी म्हणाले, आणि आदल्या संध्याकाळी स्वतःच जाऊन त्यांनी त्या जोडून टाकल्या. अर्थातच काही चाललं नाही. तेव्हा त्यांनी आठ बटणांचा एक बोर्ड आणला, प्रत्येक बटणाखाली चिकटपट्टीवर ‘दिवे’, ‘पडदे’, ‘एसी’ असं लिहिलं, आणि बेत सांगितला. ते बाहेर घराशी मोठ्यानं बोलतील. धाकटीनं कपाटात बसून बटणं दाबायची.

“हे खोटं आहे, भाऊजी.”

“खोटं कसं? पुढं होणारच आहे ना ते? आपण जरा आधी दाखवतोय, एवढंच.”

मग ताईचा फोन आला. “एवढ्या एका वेळेला जमवून घे गं. तुझ्याशिवाय आहे कोण त्यांना?” ताईची ही एक वेळ आजवर किती वेळा येऊन गेली, त्याचा हिशेब धाकटीनं कधीच सोडून दिला होता.

तर सकाळी दहाला ती कपाटात बसली. कपाटाच्या दाराला फळ्यांच्या फटी होत्या. त्यातून तिला बिल्डर दिसला, त्याची काठी टेकत चालणारी आई दिसली, आणि नवा कोट घातलेले भाऊजी दिसले. भाऊजींनी कीपॅडवर कोड दाबला आणि दोन्ही हात पसरून म्हणाले, “घरा, आम्ही आलो.”

धाकटीनं पहिलं बटण दाबलं. दिवे लागले. दुसरं दाबलं. पडदे सरकले.

“बघा,” भाऊजी म्हणाले. “ओळखलं त्यानं आपल्याला.”

बिल्डर खूश झाला. त्याची आई मात्र कीपॅडसमोर थांबली. “आणि वीज गेली तर?”

“आई, वीज गेली तर घर स्वतः विचार करतं.”

“म्हणजे काय करतं?”

“म्हणजे... करतं,” भाऊजी म्हणाले आणि त्यांना स्वयंपाकघर दाखवायला घेऊन गेले.

म्हातारीच्या प्रश्नाचं खरं उत्तर धाकटीच्या गुडघ्याला टेकलेलं होतं. पॅनलच्या पत्र्याच्या पेटीत बॅटरी होती, आणि वीज गेली तरी अलार्म त्या बॅटरीवर रात्रभर चालला असता. एका वाक्यात सांगता येण्याजोगी गोष्ट. पण ज्यानं ती सांगायची त्याला ती ठाऊक नव्हती, आणि जिला ठाऊक होती ती कपाटात होती.

बारा वाजता भाऊजी सगळ्यांना जेवायला घेऊन निघाले. निघता निघता कपाटाशी वाकून कुजबुजले, “तीनला गिऱ्हाइकं येणार आहेत, दहा-बारा जण. तू इथंच थांब. खाली रखवालदार आहे, त्यानं पाहिलं तर भलतीच चर्चा होईल.” आणि दार किलकिलं करून त्यांनी बिस्किटांचा पुडा आत सरकवला.

धाकटी बराच वेळ तशीच बसून राहिली. भाऊजींना ती पहिल्यापासून कवडीमोल समजत आली होती. त्यांच्या कोटाला, त्यांच्या बोलण्याला, गिऱ्हाइकापुढं पॅनलवर हात फिरवण्याच्या त्यांच्या लकबीला ती मनातल्या मनात हसायची, आणि आपण त्यांच्यातल्या नाही असं समजून घरी जायची. आज ती त्यांच्याच उशीवर बसली होती. बटणं तिनंच दाबली होती, आणि अगदी बरोबर वेळेवर दाबली होती. तिला स्वतःचाही तितकाच तिटकारा आला.

तिनं बिस्किटं बाजूला ठेवली, पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला आणि पॅनलचं झाकण उघडलं.

भाऊजींची करामत पाहून तिला हसावं की रडावं कळेना. पॅनलला बोलायची एक तार असते आणि ऐकायची एक. कार्डालाही तसंच. एकाची बोलायची तार दुसऱ्याच्या ऐकायच्या जागी जायला हवी. भाऊजींनी बोलायची बोलायला आणि ऐकायची ऐकायला जोडली होती. दोघंही रात्रभर बोलत राहिले असणार, आणि ऐकत कोणीच नव्हतं. भाऊजींच्या हातून दुसरं काय होणार होतं म्हणा.

तिनं तारांची अदलाबदल केली. तरी कार्डावरचा लाल दिवा काही हिरवा होईना. मग तिनं लॅपटॉप लावला, पुस्तक मांडीवर घेतलं आणि एकेक ओळ वाचत गेली. तासाभरानं सापडलं. पॅनल ज्या वेगानं बोलत होतं, त्याच्या चौपट वेगानं कार्ड ऐकायला बसलं होतं. तिनं वेग जुळवला. मग पॅनलच्या आतल्या सेटिंगमध्ये ‘बाहेरून आलेला हुकूम मानायचा’ ही परवानगी बंद होती, ती चालू केली. दोन्हीकडं एकच गुप्त कोड घातला.

दिवा हिरवा झाला.

ती कपाटातून बाहेर आली, दारात जाऊन अलार्म लावला आणि बाहेर उभी राहिली. दाराच्या काचेतून आतले दिवे विझताना दिसले. आत येऊन कोड दाबला. पॅनलनं कार्डाला सांगितलं, कार्डानं डब्याला, आणि दोन सेकंदांनी दिवे लागले. तिनं तेच पुन्हा केलं. आणखी चार वेळा केलं. शेवटच्या वेळी ती रिकाम्या दिवाणखान्यात एकटीच हसली.

मग तिनं आठ बटणांच्या बोर्डाच्या तारा मुळापासून सोडवल्या, बोर्ड स्टुलावर ठेवला, पिशवी उचलली आणि अलार्म लावून बाहेर पडली. लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं, तेव्हा लपण्याचंही कारण नव्हतं. खाली रखवालदारानं विचारलं, “बाई, तुम्ही कधी वर गेलात?”

“सकाळी. अलार्मचं काम होतं. झालं आता.”

समोरच्या फुटपाथवर चहाची गाडी होती. ती तिथल्या बाकावर चहा घेऊन बसली. तीनला तीन गाड्या आल्या. भाऊजी पुढं, मागं बिल्डर आणि त्याची आई, आणि त्यांच्यामागे गिऱ्हाइकं. कोणाचंही तिच्याकडं लक्ष गेलं नाही. पाच मिनिटांनी तिच्या फोनवर पॅनलचा निरोप उमटला, ‘अलार्म बंद केला’, आणि तिसऱ्या मजल्यावरचे पडदे सरकले.

पाठोपाठ भाऊजी बाल्कनीत आले. गिऱ्हाइकांना समोरची बाग दाखवायला त्यांनी हात लांब केला आणि तो हात तसाच राहिला. त्यांना बाकावर बसलेली धाकटी दिसली होती. त्यांनी मान वळवून आत पाहिलं. पुन्हा खाली पाहिलं. धाकटीनं चहाचा घोट घेतला. इतक्या लांबूनही तिला कळलं की माणसाचं तोंड पांढरं पडणं म्हणजे काय.

पुढचं तिला रखवालदाराकडून कळलं. तो पाण्याच्या बाटल्या घेऊन वर गेला होता. भाऊजी बाल्कनीतून तडक पॅसेजमध्ये गेले आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी कपाटाचं दार उघडलं. आत स्टूल, उशी, बोर्ड आणि बिस्किटांचा पुडा. भाऊजींनी मीटरच्या मागंही डोकावून पाहिलं.

“काय शोधताय?” बिल्डरनं विचारलं.

“काही नाही. आत कोणी नाही ना, ते बघत होतो.”

“कपाटात कोण असणार?”

“तेच म्हणतो मी. कोणी नाही.”

“मग उशी कशाला?” बिल्डरची आई म्हणाली.

“तुमच्यासाठी आणलीय, आई,” भाऊजी म्हणाले, आणि त्यांनी खरोखरच स्टूल बाहेर काढून म्हातारीला त्यावर बसवलं. असल्या वेळी त्यांचं डोकं चालायचं. दुसऱ्या कशात चालायचं नाही.

साडेचारला ते खाली आले, धाकटीशेजारी बसले आणि दबक्या आवाजात म्हणाले, “खरं सांग, आत कोणाला बसवलं होतंस?”

“कोणालाच नाही. जोडणी चालू झालीय. तारा उलट्या होत्या.”

“उलट्या कशा असतील? मी जोडल्या होत्या.”

“म्हणूनच.”

भाऊजींनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. “दिवे उशिरा लागत होते. सकाळी कसं, मी म्हणायचो आणि लगेच लागायचे. मला वाटलं तुला डुलकी लागली.”

“पॅनलनं सांगायचं, कार्डानं पुढं कळवायचं, डब्यानं करायचं. दोन सेकंद जाणारच. खऱ्याला तेवढे लागतात.”

“आपण असं करू,” ते म्हणाले. “उद्या बँकेची माणसं येतायत. तू आपली आत बसच. यंत्राचा काय भरवसा?”

धाकटीनं त्यांच्याकडं पाहिलं. हा माणूस दोन वर्षं दारोदार हेच यंत्र विकत फिरत होता. लोकांनी आपली घरं, आपली झोप त्याच्यावर सोपवावी म्हणून कोट घालून बोलत होता. ते खरंच चालतं हे त्यांना आज पहिल्यांदा दिसलं, आणि त्यांची पाचावर धारण बसली. लबाडी करणारा निदान खरं काय ते जाणून असतो, असं तिला आजवर वाटायचं. भाऊजींच्या बाबतीत तेवढंही नव्हतं.

“मी बसणार नाही,” ती म्हणाली. “उद्या नाही आणि नंतरही नाही.” पिशवीतून दुकानाची किल्ली काढून तिनं बाकावर ठेवली.

संध्याकाळी ताईचा फोन आला. “म्हणतात, तू चारचौघांत त्यांची शोभा केलीस.”

“मी रस्त्याच्या पलीकडं चहा पीत होते, ताई.”

“तेच म्हणतात ते. तू खाली का होतीस?” मग ताईचा आवाज बदलला. “कपाट त्यांनी स्वतःच उघडलं?”

“स्वतःच.”

पलीकडून बराच वेळ नुसता दबलेला आवाज येत राहिला. ताई रडतेय, असं आधी धाकटीला वाटलं. ती हसत होती.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी ड्रायव्हरला कपाटात बसवलं. ड्रायव्हरनंच नंतर तिला सांगितलं. बोर्डाच्या तारा कशालाच लावलेल्या नव्हत्या, हे त्यालाही कळलं नाही आणि भाऊजींनाही नाही. तो घामाघूम होऊन बटणं दाबत राहिला, घर आपलं आपण चालत राहिलं, आणि बँकेची माणसं गेल्यावर भाऊजींनी त्याची पाठ थोपटली. “तिच्यापेक्षा तुझा हात साफ आहे,” म्हणाले.

चाळीस फ्लॅटचं काम भाऊजींनाच मिळालं. चाळीस कपाटांत चाळीस ड्रायव्हर बसवता येत नाहीत, हे ध्यानात यायला त्यांना आठवडा लागला. तोवर धाकटीनं घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकून स्वतःचं काम सुरू केलं होतं. पहिला फोन बिल्डरच्या आईचा आला. तिचं राहतं घर जुनं होतं आणि वीज गेल्यावर तिथल्या अलार्मचं काय होतं, ते तिला नीट समजून घ्यायचं होतं. धाकटी गेली, पॅनल उघडून बॅटरी दाखवली, आणि तिथं दीड तास बसली.

भाऊजींनी ताईकरवी तीनदा निरोप पाठवला. धाकटी परत गेली नाही. पण त्या चाळीस घरांत राहायला येणाऱ्यांनी तिचं काही बिघडवलं नव्हतं. तिनं एका कागदावर तारा कशा जोडायच्या, वेग किती ठेवायचा, कुठली परवानगी चालू करायची, हे ओळीनं लिहिलं, खाली चित्र काढलं, आणि कागद ताईच्या हाती दिला.

त्याच दुपारी भाऊजींचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. “यात बोलायची तार म्हणजे लाल का गं?”

“कागदावर लिहिलंय, भाऊजी.”

“तेच वाचतोय. पण समज, लाल नसली तर?”

धाकटीनं फोन टेबलावर ठेवला, स्पीकर लावला, आणि हातातल्या सेन्सरचा स्क्रू पिळत पिळत त्यांना पहिल्या ओळीपासून सांगायला लागली.